केसपेपर कुणाचा?

रुग्णालयात आठवडाभर राहून घरी निघालेल्या माणसाच्या हातात डिस्चार्ज कार्ड, काही रिपोर्ट, बिल आणि औषधांची चिठ्ठी पडते. आजारपणाचे सगळे कागद आपल्याकडे आले असे त्याला वाटते. खरी फाइल मात्र मागेच राहते. दाखल करून घेताना डॉक्टरांनी विचारून लिहिलेला पूर्वेतिहास, रोजच्या राउंडच्या नोंदी, सिस्टरांनी भरलेला ताप, नाडी आणि रक्तदाबाचा तक्ता, कोणते औषध किती वाजता दिले त्याची नोंद, भूलतज्ज्ञाचा कागद, ऑपरेशनमध्ये काय आढळले आणि काय केले त्याचे टिपण, सही केलेली संमतीपत्रे, या सगळ्याचा गठ्ठा रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात जातो. डिस्चार्ज कार्ड म्हणजे त्या गठ्ठ्याचा एकदोन पानांत काढलेला सारांश.

हा गठ्ठा बरेच लोक हाताळतात. वॉर्डमधले डॉक्टर आणि सिस्टर, लॅब, बिलिंगचा विभाग, कॅशलेस मंजूर करणारी टीपीए म्हणजे मध्यस्थ संस्था, विमा कंपनी, रुग्णालयाला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी. यांतल्या बहुतेकांना कामापुरते पाहावेच लागते. पण ज्याच्या शरीराविषयी हे सारे लिहिलेले असते त्याने फाइल मागितली, की प्रश्न सुरू होतात. कशाला हवी? वकिलाला दाखवायची आहे का? मोठ्या डॉक्टरांना विचारावे लागेल. आणि त्याच रुग्णालयात दुसऱ्या कुणाचा तपासणी अहवाल भर कॉरिडॉरमध्ये मोठ्याने सांगितला जात असतो, किंवा रिपोर्टचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत असतो.

आपली वैद्यकीय माहिती आपल्याला मिळाली पाहिजे आणि आपल्या परवानगीशिवाय दुसऱ्याला मिळता कामा नये, या एकाच अधिकाराच्या दोन बाजू आहेत. आपल्याकडे दोन्ही बाजू कच्च्या राहिल्या. ज्याची माहिती त्याला ती दिसत नाही आणि ज्याचा संबंध नाही त्याला ती सहज मिळते. हे उलटे गणित सरळ कसे करायचे, त्यासाठी कायद्याने आपल्या हाती काय दिले आहे आणि काय दिलेले नाही, ते या प्रकरणात पाहू.

मागितल्यावर बहात्तर तासांत

फाइलचा कागद आणि ती जिथे ठेवली ते कपाट रुग्णालयाचे असते, पण त्यातल्या मजकुरावर रुग्णाचा हक्क आहे. हे महाराष्ट्रात तरी फार पूर्वी ठरून गेले आहे. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना केसपेपरच्या प्रती नाकारता येणार नाहीत. झेरॉक्सचा खर्च रुग्णालयाने घ्यावा, पण कागद द्यावेत. रुग्णाची माहिती खुद्द रुग्णापासून लपवून ठेवणे हा गोपनीयतेचा अर्थ असूच शकत नाही.

पुढे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत हे नियम म्हणून आले. दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवायचे. रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या माणसाने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागणी केली तर तिची पोच द्यायची आणि बहात्तर तासांत कागद द्यायचे. हे न करणे म्हणजे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन, आणि त्याबद्दल राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आणून ही मुदत पाच कामकाजाच्या दिवसांवर नेली होती. पण ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले आणि २००२ चीच संहिता पुन्हा लागू झाली.

महाराष्ट्रात आणखी एक आधार आहे. खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. २०२१ साली त्याच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि रुग्ण हक्कांची सनद त्यांत आली. ही सनद रुग्णालयाने दर्शनी भागात लावायची आहे. सरकारी रुग्णालयातले आपलेच कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्जही चालतो. आणि प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलेच, तर कागद न देणे ही सेवेतली त्रुटी धरली जाते. रुग्णालयाने फाइल दाखवलीच नाही, तर त्याचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावला जाऊ शकतो.

फाइल मागणारा प्रत्येक जण भांडायलाच आलेला असतो, हा समज रुग्णालयांनी सोडायला हवा. पुढच्या ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञाला मागच्या खेपेस कोणत्या औषधाने त्रास झाला ते कळणे जीव वाचवणारे असते. सोलापूरहून किंवा नांदेडहून मुंबईच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या कर्करुग्णाकडे बायॉप्सीच्या रिपोर्टबरोबर मूळ स्लाइड आणि ब्लॉकही मागतात, कारण तिथले तज्ज्ञ निदान स्वतः पडताळून पाहतात. पेशीसमूहाचा तो मेणात बसवलेला तुकडा आपल्याला मागता येतो, हेच अनेकांना ठाऊक नसते. मग पुन्हा बायॉप्सी, पुन्हा खर्च आणि हातची वेळ वाया.

गुपिताची मर्यादा

आता दुसरी बाजू. रोग्याच्या घरात पाहिलेले, ऐकलेले बाहेर बोलू नये, अशी आज्ञा चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला केलेली आहे. ग्रीक परंपरेत हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही हेच बंधन आहे. कारण व्यवहारातले आहे. आपले सांगणे चार लोकांत जाईल अशी भीती असली, की माणूस डॉक्टरलाही अर्धेच सांगतो, आणि अर्ध्या माहितीवर केलेले निदान चुकते.

२००२ च्या संहितेने या गुप्ततेला तीनच अपवाद ठेवले: न्यायाधीशाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर आणि निश्चित धोका, आणि कायद्याने कळवणे बंधनकारक असलेले आजार. क्षयरोग असा आजार आहे. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करावी लागते. ही नोंद आरोग्य यंत्रणेसाठी आहे. ती गावात सांगण्याचा परवाना कुणालाही मिळत नाही.

दुसऱ्या अपवादाची कसोटी एका प्रसिद्ध खटल्यात लागली. १९९५ मध्ये नागालँडमधील एक डॉक्टर नात्यातल्या रुग्णाला रक्त देण्यासाठी चेन्नईच्या रुग्णालयात गेला. तिथल्या तपासणीत त्याला एचआयव्हीची लागण असल्याचे आढळले. ही गोष्ट बाहेर पडली, ठरलेले लग्न मोडले आणि समाजाच्या बोलण्यामुळे त्याला गाव सोडावे लागले. त्याने रुग्णालयाविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली म्हटले, की खासगीपणाचा अधिकार निरपवाद नाही आणि होणाऱ्या पत्नीच्या जिवाचा हक्क इथे वरचढ ठरतो. त्याच निकालात न्यायालयाने अशा व्यक्तीच्या लग्नाच्या अधिकारावरही कठोर भाष्य केले होते. ते भाष्य अनावश्यक होते, असे न्यायालयानेच २००२ मध्ये स्पष्ट केले.

जोडीदाराचा जीव धोक्यात असेल तर त्याला कळायलाच हवे, हे खरे. पण कुणी सांगावे, कसे सांगावे, आणि एकाला सांगताना साऱ्या गावाला कळणार नाही याची काळजी कुणी घ्यावी, याची रीत त्या निकालाने घालून दिली नाही. ते काम एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ ने केले. तो सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला. आता लागण असलेल्या व्यक्तीच्या सुज्ञ संमतीशिवाय तिची माहिती उघड करता येत नाही. जोडीदाराला सांगायचे झाले, तर ते डॉक्टर किंवा समुपदेशकानेच, आधी त्या व्यक्तीला तशी कल्पना देऊन, समुपदेशनानंतर आणि प्रत्यक्ष भेटीतच सांगायचे. गुप्ततेला अपवाद करायचा तर तो इतका अरुंद असावा.

साथीच्या काळात हा अपवाद किती सैल होतो तेही आपण कोविडमध्ये पाहिले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात गृहविलगीकरणातल्या लोकांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. देशात अनेक ठिकाणी रुग्णांच्या दारावर पत्रके चिकटवली गेली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय घरावर पत्रक लावता येणार नाही. तोवर हजारो कुटुंबांनी शेजाऱ्यांच्या नजरा सोसल्या होत्या, आणि त्या भीतीने कित्येकांनी तपासणीच टाळली.

घरच्यांपासूनही

आपल्याकडे गोपनीयता सर्वांत आधी घरातच मोडते. डॉक्टर आजोबांशी न बोलता मुलाला बाहेर बोलावून कॅन्सरचे निदान सांगतात. सुनेच्या तपासणीचा रिपोर्ट सासूच्या हाती जातो. हे बहुतेक वेळा मायेपोटी घडते. बिल घरचे भरतात, रात्री घरचेच जागतात. त्यामुळे माहितीही त्यांचीच, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. पण सेवा करण्याने दुसऱ्याच्या शरीराविषयीचा निर्णय आपल्या हाती येत नाही. ज्या बाईला मूल होत नाही, ज्या तरुणाला मानसोपचार सुरू आहेत, ज्या मुलीला फिट येतात, त्यांच्यासाठी माहिती फुटण्याची जागा बहुतेकदा नात्यातली असते, आणि स्थळ बघण्याच्या काळात ती सर्वांत जास्त भोवते.

कायदा इथे घरच्या रिवाजाच्या बराच पुढे आहे. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी फक्त तिची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने तिचे नाव आणि तपशील उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णालाही गोपनीयतेचा आणि स्वतःचे वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क दिला. ज्याला आपण शहाण्यांच्या पंक्तीत बसवत नाही त्याचा हा हक्क कायदा मानतो, तर शहाण्यासुरत्या आजोबांचा का मानू नये? त्यांना आजार जाणून घ्यायचा नसेल तर तेही त्यांनीच सांगावे. डॉक्टरांनी एवढेच विचारायचे: "आजोबा, रिपोर्टविषयी तुमच्याशी बोलू, की घरात आणखी कुणाशी?" या एका प्रश्नाने पुष्कळ काही सुधारेल.

चौदा अंकांचे खाते

आता कागदाची जागा संगणक घेतो आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला चौदा अंकी आभा क्रमांक घेता येतो. तो ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

या योजनेची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. सर्वांचे रिपोर्ट एका सरकारी कोठारात जमा होत नाहीत. ते ज्या रुग्णालयात किंवा लॅबमध्ये तयार झाले तिथेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरला ते हवे असतील तर तो मागणी पाठवतो: कशासाठी, कोणत्या प्रकारची माहिती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची, आणि किती काळासाठी. ही मागणी आपल्या मोबाइलवर येते. आपण ती मान्य करू शकतो, आटोपशीर करू शकतो, नाकारू शकतो आणि दिलेली संमती मागेही घेऊ शकतो. मधली यंत्रणा बंद पाकीट पोचवणाऱ्या पोस्टमनसारखी असते. मजकूर कुलूपबंद सांकेतिक रूपात जातो आणि तिला तो वाचता येत नाही.

कागदावर ही रचना उत्तम आहे. अडचण मोबाइलपाशी सुरू होते. अनेक घरांत खात्याशी जोडलेला नंबर मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो. ओटीपी त्याच्याकडे येतो आणि संमतीही तोच देऊन टाकतो. रुग्णालयाच्या खिडकीवर रांग असते. आतला माणूस म्हणतो, "ओटीपी सांगा," आणि समोरचा सांगतो. आपण कशाला हो म्हणालो, हे त्याला कळलेले नसते. कोविड लसीकरणाच्या काळात तर लोकांनी प्रमाणपत्र उघडले तेव्हा त्यावर आपला आरोग्य ओळख क्रमांक छापलेला त्यांना दिसला. तो कधी तयार झाला हे अनेकांना आठवत नव्हते. चार आकडे सांगणे ही संमती नव्हे. समजून, नको म्हणण्याची मोकळीक असताना दिलेला होकार म्हणजे संमती.

फुटलेले साठे

कागदाचा गठ्ठा चोरायला कपाटापर्यंत जावे लागते. संगणकातले लाखो रुग्ण एका रात्रीत उघडे पडतात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर हल्ला झाला, माहिती कुलूपबंद करून टाकली गेली आणि देशातल्या एका अग्रगण्य सरकारी रुग्णालयाला पुढचे अनेक दिवस नोंदी हाताने लिहाव्या लागल्या. २०१६ च्या डिसेंबरात मुंबई परिसरातल्या एका लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर कुणालाही दिसत असल्याचे उघड झाले. त्यांत एचआयव्ही तपासणीचेही रिपोर्ट होते.

याचे सर्वांत क्रूर रूप फिनलंडने पाहिले. तिथल्या वास्तामो या मानसोपचार केंद्रांच्या साखळीतून तीस हजारांहून अधिक रुग्णांची माहिती चोरीला गेली. चोराने आधी कंपनीकडे खंडणी मागितली. ती मिळाली नाही तेव्हा ऑक्टोबर २०२० मध्ये त्याने एकेका रुग्णाला ईमेल पाठवले: पैसे द्या, नाहीतर तुम्ही समुपदेशकाला जे सांगितले ते जगजाहीर करतो. एप्रिल २०२४ मध्ये त्याला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. पण चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो, गोठवलेले बँक खाते पुन्हा उघडता येते. एकदा उघडी पडलेली बालपणीच्या अत्याचाराची हकिकत परत झाकता येत नाही.

यावर कंपन्यांचे ठरलेले उत्तर असते: आम्ही नावे काढून टाकतो. ते पुरेसे नाही, हे अमेरिकेत लतान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने १९९७ मध्ये दाखवून दिले. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांची माहिती नावे काढून संशोधकांना दिली होती, आणि ती सुरक्षित आहे अशी ग्वाही गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनीच दिली होती. स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली. वेल्ड यांची जन्मतारीख असलेले तिथे सहा जण होते, त्यांत पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या पिनकोडचे एकटे वेल्डच. गव्हर्नरांचे उपचार आणि औषधे त्यांच्यापुढे उघडी झाली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड आपण दिवसातून कितीदा कुठे कुठे भरून देतो, याचा प्रत्येकाने विचार करावा.

नवा कायदा काय देतो, काय देत नाही

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. २०१८ मध्ये केंद्राने खास आरोग्य माहितीसाठी 'दिशा' नावाच्या कायद्याचा मसुदा मांडला. त्यात ही माहिती रुग्णाच्या मालकीची मानली होती. तो कायदा झालाच नाही. त्याऐवजी सर्व प्रकारच्या माहितीसाठी मिळून डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत.

या कायद्याने काही चांगले दिले आहे. संमती मुक्त, नेमक्या कामापुरती आणि समजून दिलेली हवी. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीत किंवा कोकणीतही, मागता येते. चुकीची माहिती दुरुस्त करून घेता येते. माहिती फुटली तर प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवावे लागते, आणि सुरक्षेत हलगर्जी केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

पण उणिवाही गंभीर आहेत. दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याचे गुपित फुटले त्याला या कायद्याखाली भरपाई नाही. कागदावरच राहिलेल्या केसपेपरला हा कायदा लागू नाही, आणि लहान गावांतले कितीतरी दवाखाने आजही कागदावरच चालतात. वैद्यकीय माहितीला वेगळे, अधिक कडक संरक्षण नाही. दुकानातल्या खरेदीची नोंद आणि मानसोपचाराची फाइल एकाच मापाने मोजली आहे. सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मोठी मुभाही आहे.

काय शक्य आहे ते एस्टोनियाने दाखवले. त्या छोट्या देशात २००८ पासून राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणाली आहे. तिथला नागरिक आपली फाइल पाहू शकतो, तिचे भाग इतरांसाठी बंद करू शकतो, आणि कोणत्या डॉक्टरने ती केव्हा उघडली हेही त्याला दिसते. कारण नसताना उघडणाऱ्याला जाब द्यावा लागतो. भारतातल्या प्रत्येक रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कुणी पाहिले' ही नोंद रुग्णाला दिसेल अशी असणे कायद्याने सक्तीचे व्हावे. पाहणाऱ्याचा माग राहतो हे कळले, की उगाच डोकावणारे बरेच जण आपोआप थांबतील.

आपल्या हातात काय

कायदा सुधारेपर्यंत थांबायचे कारण नाही. घरी सोडण्याच्या दिवशीच केसपेपरच्या पूर्ण प्रतींसाठी लेखी अर्ज द्या आणि त्यावर तारखेची पोच घ्या. एक्सरे, एमआरआयची फिल्म किंवा सीडी आणि बायॉप्सीचे ब्लॉक आठवणीने मागा. तीन वर्षांनंतर कागद राहतीलच असे नाही. कोऱ्या किंवा न वाचलेल्या संमतीपत्रावर सही करू नका. ओटीपी कशासाठी हे कळल्याशिवाय सांगू नका. आईचे, पत्नीचे आभा खाते काढायचे असेल तर त्यांच्याच मोबाइल नंबरवर काढा. दुसऱ्याचा रिपोर्ट त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका, मग तो भाऊ असो की भाचा. आणि डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे असेल तर तसे स्पष्ट सांगा. तो तुमचा हक्क आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाला तसे बोलायचे असेल, तर तुम्ही उठून बाहेर जा.